'कास्ट' : एका शब्दाची दोन कुळे

दर जून महिन्यात शिष्यवृत्तीचे अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे येते. अर्ज आता संगणकावर भरले जातात, पण सोबतच्या इंग्रजी विनंतीपत्रात मुले 'कास्ट' हा शब्द अजूनही शेवटचा 'ई' गाळून लिहितात. पदवीच्या पहिल्या वर्षी मीही तसाच लिहिला होता. एका कारकुनाने सगळ्या रांगेसमोर माझा कागद माझ्याकडे फेकला आणि म्हणाला, "निदान स्वतःची जात तरी नीट लिहायला शिका."

घराण्यात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढणाऱ्याला असल्या चुका फार दिवस डाचतात. पुढे इतिहासाचा अध्यापक झालो तेव्हा ग्रंथालयातला मोठा ऑक्सफर्ड कोश काढून मी हा शब्द शोधला. जे सापडले त्याने मला हसू आले आणि रागही आला. सतराव्या-अठराव्या शतकांतले इंग्रज हा शब्द बहुधा 'ई' शिवायच लिहीत होते. 'ई'चे शेपूट फ्रेंचांकडून आले आणि १८०० च्या आधी ते क्वचितच दिसते. म्हणजे माझे स्पेलिंग चुकीचे नव्हते, दोनशे वर्षे जुने होते!

पण एकाच रूपात लिहिले जाणारे हे शब्द मुळात दोन आहेत. त्यांची कुळे वेगळी, गावे वेगळी. पहिला उत्तरेकडून आला. स्कँडिनेव्हियातले दर्यावर्दी इंग्लंडात घुसले, वसले आणि 'कास्टा' हे त्यांचे क्रियापद तेराव्या शतकापर्यंत इंग्रजीत रुळले. अर्थ साधा : फेकणे, टाकणे. जाळे टाकणे, नजर टाकणे, मत टाकणे हे सारे त्यातून आले. वितळलेला धातू साच्यात टाकणेही त्यातलेच. माझे वडील कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. त्यांना सहीपलीकडे लिहिता येत नव्हते, पण 'कास्टिंग' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा त्यांच्या तोंडी असे. वाळूचा साचा ओलसर ठेवायचा, बीड ओतायचे, निवाल्यावर साचा फोडायचा. मोडलेल्या हाडावरचे प्लास्टर, नाटक-सिनेमातल्या भूमिकांची वाटणी, अध्यक्षाचे निर्णायक मत, सगळीकडे हाच शब्द.

दुसरा शब्द दक्षिणेचा. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत 'कास्टा' म्हणजे वाण, वंश, अवलाद. घोड्यांचा कास्टा, माणसांचा कास्टा. पोर्तुगालमध्ये द्राक्षांच्या वाणांना आजही हाच शब्द आहे. आपण आंब्याची जात म्हणतो, तसेच. मात्र ज्या काळात हा शब्द तिकडे माणसांना चिकटला तो काळ निरागस नव्हता. १४४९ मध्ये टोलेडो शहरात, ख्रिस्ती झालेल्या ज्यूंना आणि त्यांच्या वंशजांना सार्वजनिक पदे बंद करणारा ठराव झाला. धर्म बदलला तरी रक्त अशुद्ध, असा तो न्याय. हा न्याय आपल्याला नवा नाही!

भारताशी या शब्दाची गाठ पडली ती गोव्यात. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य तिथे राहत होता. औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. इथे कोणी बापाचा धंदा सोडत नाही, असे त्यात तो जाता जाता नोंदवतो. एका धंद्याचे सारे एकाच 'कास्टा'चे, हे सांगताना त्याने उदाहरण घेतले आहे चांभारांचे. चारच वर्षांनी, १५६७ मध्ये, गोव्याच्या धर्मपरिषदेने उच्च-नीच कास्टांची आणि त्यांच्यातल्या अन्नपाण्याच्या बंदीची दखल घेतली. बंदी कोकणी-मराठी मुलखातली, नाव लिस्बनचे!

ओर्तावर थोडे थांबले पाहिजे. त्याचे आईबाप स्पेनमधून हाकललेले ज्यू, नंतर सक्तीने ख्रिस्ती केलेले. म्हणजे आपल्याकडच्या जातीला 'कास्टा' म्हणणारा हा माणूस स्वतः त्याच शब्दाच्या धाकात जगत होता. तो मेल्यावर १५६९ मध्ये त्याच्या बहिणीला गोव्याच्या इन्क्विझिशनने जिवंत जाळले. १५८० मध्ये खुद्द त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. आपल्या समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत 'पोर्तुगीज शब्द' एवढीच तीन सेकंदांची नोंद असते. त्या नोंदीमागे ही राख आहे.

या 'कास्टा'चे मूळ लॅटिन 'कास्टुस', म्हणजे शुद्ध, असे बहुतेक पुस्तके सांगतात. शुद्धतेची ही व्युत्पत्ती ज्यांना सोयीची आहे त्यांना ती फारच आवडते. पण कोरोमिनास या कातालान भाषापंडिताने दुसरे मूळ सुचवले. स्पेनवर राज्य केलेल्या गॉथ लोकांच्या भाषेत प्राण्यांच्या कळपासाठी, पिलावळीसाठी एक शब्द असावा आणि 'कास्टा' त्यातून आला असावा, असे तो म्हणतो. उत्तरेतल्या 'फेकणे'चा हा सख्खा नातलग, कारण एकत्र फेकले की ढीग होतो. सगळ्यांना हे मान्य नाही आणि तो वाद मिटवण्याचा माझा अधिकार नाही. पण ते खरे असेल तर जातीच्या या विलायती नावात शुद्धता मुळातच नाही. आहे तो नुसता ढीग!

इंग्रजीत या दोन शब्दांची सरमिसळ 'आऊटकास्ट'मध्ये झाली. 'ई' नसलेला आऊटकास्ट जुना आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलात परागंदा इस्रायलींना तो लावला आहे. त्यांना घर होते, घरातून ते फेकले गेले आणि पुन्हा एकत्र आणण्याचे वचनही त्यांना दिलेले आहे. आपल्याकडे वाळीत टाकलेला माणूस असाच. तो दंड भरी, प्रायश्चित्त घेई आणि पंगतीत परत बसे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा झाला, तो या टाकण्याविरुद्ध.

'ई' असलेला आऊटकास्ट एकोणिसाव्या शतकातला. तो आमच्यासाठी घडवला गेला आणि ऐकणाऱ्याला वाटू लागले की आम्ही कधीतरी आत होतो, काही गुन्हा घडला आणि बाहेर टाकले गेलो. माझ्या आजोबांना कोणी कुठून टाकले होते? ते गावकुसाबाहेरच जन्मले. त्यांना प्रायश्चित्त नव्हते, कारण त्यांचा अपराध नव्हता. आणि गंमत अशी की या 'जातीबाहेरच्या' माणसाच्या दाखल्यावरही जात लिहिलेलीच होती.

बाबासाहेबांनी हा घोळ मुळाशी जाऊन सोडवला. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म शुद्धतेत नव्हे तर जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीत दाखवले. ११ फेब्रुवारी १९३३ रोजी गांधीजींच्या 'हरिजन'चा पहिला अंक निघाला. त्यासाठी बाबासाहेबांकडे संदेश मागितला, तेव्हा संदेश न देता त्यांनी निवेदन दिले. जात आहे तोवर जातीबाहेरचा राहणारच, जात मोडल्याखेरीज त्याची सुटका नाही, असा त्याचा आशय होता. आऊटकास्ट कोणी फेकल्यामुळे होत नाही, जातिव्यवस्थाच त्याला तयार करते. व्युत्पत्तीचे कोश या ठिकाणी पोचत नाहीत.

यंदाही गठ्ठ्यात बारा-पंधरा पत्रांवर 'ई' नव्हता. मुलांना बोलावून मी त्यांना ओर्ताची गोष्ट सांगितली. मग लाल शाईने 'ई' घातला. पडताळणीच्या खिडकीवर सतराव्या शतकाचे स्पेलिंग चालत नाही.