काडतुसाचे वंगण

१८५७ च्या उठावाचे कारण विचारले की शाळकरी मूलही सांगते, काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावली होती. या एका वाक्यावर आपल्या कितीतरी पिढ्या परीक्षा पास झाल्या. पण काडतुसाला चरबी लावतातच कशाला, ती कोणी निवडली, दुसरे काही लावता आले नसते का, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. ते विचारले की ‘धर्मभोळे शिपाई अफवेने भडकले’ हे सोपे उत्तर आपल्याला पुरत नाही.

आधी बंदूक समजून घेऊ. कंपनीच्या शिपायाची जुनी मस्केट आतून गुळगुळीत नळीची होती. गोळी नळीपेक्षा थोडी लहान असे, त्यामुळे ती सहज खाली उतरे. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल वेगळी होती. तिची नळी ०.५७७ इंचाची आणि आतून पिळदार खाचांची. बार उडताच गोळी फुगून या खाचांत बसे आणि गरगरत बाहेर पडे, म्हणून नेम दूरवर लागे. मात्र ती भरायची तोंडाकडूनच. काळी दारू जळाली की नळीत काजळीचा थर बसतो. काही बार झाले की गोळी गजाने ठासूनही खाली जाईना. म्हणून कागदी काडतुसाचा गोळीकडचा भाग वंगणात बुडवीत. वंगणाने काजळी मऊ राही आणि गोळी सरकत खाली जाई.

कवायत अशी होती. काडतुसाचे दारूकडचे टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करून वंगणाचा भाग नळीत घालायचा, उरलेला कागद फाडून टाकायचा आणि गोळी ठासायची. दातांचे टोक आणि वंगणाचे टोक वेगळे होते, हे खरे. पण हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात, शिपायाच्या पिशवीत, वंगण आपल्या टोकापाशी थांबून राहील याची हमी कोणी द्यावी?

वंगण निवडताना कारागिरापुढे पर्याय थोडे होते. खनिज तेलाचा मोठा धंदा उभा राहायचा होता. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील ती प्रसिद्ध विहीर १८५९ ची. तेव्हा उरली चरबी, मेण आणि वनस्पतींची तेले. पातळ तेल कागदातून झिरपते आणि दारू बिघडवते. नुसते मेण कडक. चरबी मऊ, स्वस्त आणि मुबलक, पण उष्णतेने वितळणारी. म्हणून तिच्यात मेण मिसळायचे. विलायतेतील कारखान्याच्या दृष्टीने हा हिशेब चोख होता. चरबी कोणत्या जनावराची, हा प्रश्न तिथे कोणालाच पडला नाही.

इथे मात्र तो वेळेवर पडला होता. नव्या काडतुसांचे नमुने हिंदुस्थानात आले तेव्हा बंगाल लष्कराचे ॲडज्युटंट जनरल कर्नल हेन्री टकर यांनी डिसेंबर १८५३ मध्ये लेखी इशारा दिला, की वंगण जातिधर्माला बाधक नाही याची खात्री झाल्याशिवाय ही काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत. पत्र दप्तरी पडून राहिले. चाचणी झाली ती हवामानाचा वंगणावर काय परिणाम होतो याची. वंगणाचा माणसावर काय परिणाम होईल, याची चाचणी कोणी घेतली नाही.

आणि पर्याय नव्हता असेही नाही. आधीच्या ब्रन्सविक रायफलीच्या गोळीभोवती वंगणाचे फडके गुंडाळीत. त्याच्या वंगणाबद्दल कागदपत्रांत कुठे मेण आणि तेल, तर कुठे मेंढीची चरबी आणि मेण असा उल्लेख येतो. दोन्ही हिंदू-मुसलमानांना चालण्याजोगी.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळ डमडमला एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोटाभर पाणी मागितले. शिपायाने नकार दिला, तेव्हा खलाशी म्हणाला, चरबीची काडतुसे तोंडात धरल्यावर तुझी जात कुठे राहणार? बातमी पलटणीपलटणीत गेली. सरकारने चौकशी केली तेव्हा चरबी पुरवणाऱ्या ठेकेदारावर जनावराबाबत कसलेच बंधन नव्हते, असे निघाले. गाईची चरबी असण्याची शक्यता दारूगोळा खात्याला नाकारता आली नाही. डुकराच्या चरबीचा निर्णायक पुरावा मात्र पुढे इतिहासकारांना मिळाला नाही.

मग सरकार जागे झाले. शिपायांनी बाजारातून हवे ते वंगण आणून स्वतः लावावे, अशी मुभा जानेवारीअखेर मिळाली. मार्चमध्ये काडतूस दातांऐवजी हाताने फाडण्याची कवायत आली. पण तोवर संशय वंगणावरून कागदावर गेला होता. फेब्रुवारीत बऱ्हामपूरला १९ व्या पलटणीने जी काडतुसे नाकारली, ती जुन्या मस्केटची, वंगण नसलेली होती. २४ एप्रिलला मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या ९० जणांपैकी ८५ जणांनी नकार दिला. तीही जुनीच काडतुसे. ९ मे रोजी त्या ८५ हिंदू-मुसलमानांच्या पायांत सर्वांदेखत बेड्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी मेरठ पेटले.

म्हणजे शेवटी भांडण चरबीचे उरले नव्हते, शब्दाचे होते. सरकार खरे बोलत असतानाही ते खरे वाटेनासे झाले होते. सर सय्यद अहमद खान यांनी ‘असबाब-ए-बगावत-ए-हिंद’मध्ये उठावाचे मूळ काडतुसात न शोधता कायदेमंडळात हिंदी माणसाला जागा नसण्यात शोधले. आम्हाला वाटते, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. ज्याच्या तोंडात वस्तू जायची, त्यालाच विचारण्याची सोय राज्यकारभारात नव्हती. काडतूस हे त्याचे सर्वांत लहान उदाहरण.

आपल्या विष्णुभट गोडसे यांनीही ‘माझा प्रवास’मध्ये महूजवळ शिपायांच्या तोंडून काडतुसांची हकिकत ऐकल्याचे नोंदवले आहे. वरसईचा एक भिक्षुक प्रवासात ऐकतो, इतकी ती गोष्ट दूर पोचली होती.

एक गोष्ट पाठ्यपुस्तकात ठळक येत नाही, म्हणून इथे सांगू. त्या वर्षी बकरी ईद १ ऑगस्टला आली. दिल्लीला वेढा घालून बसलेल्या इंग्रजांना त्या दिवशी शहरात हिंदू-मुसलमानांत दंगा होईल अशी आशा होती. बादशहा बहादूरशाह जफर यांनी गोहत्येला आधीच बंदी केली. ईद शांततेत पार पडली.

पुढे १८६६ पासून ब्रिटिश फौजेत स्नायडर पद्धतीची, मागून भरायची रायफल आली आणि दात लावण्याची गरजच संपली. आज बंदुकीसाठी खनिज आणि कृत्रिम तेले आहेत, चरबीचा प्रश्न उरलेला नाही. पण एकाच डब्यातील वंगण दोन धर्मांच्या माणसांना सारखेच बोचले आणि दोघांनी एकमेकांची बोच ओळखली, हे १८५७ चे देणे आहे. शिपायांचे राज्य टिकले नाही. ती ओळख टिकवणे मात्र आपल्या हाती आहे.