रक्ताची गुठळी आणि बुरसलेला चारा

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, टाके निघाले, घरीं जाण्याची तयारी झाली. आणि तोच रोगी एकाएकीं धाप लागून क्षणांत गतप्राण झाला, असे प्रसंग पूर्वीच्या शस्त्रवैद्यांस पाहावे लागत. जखमेंत कांहीं दोष नसे. अंथरुणावर निश्चल पडून राहिल्यामुळें पायाच्या खोल शिरेंत रक्त गोठे, आणि ती गुठळी सुटून हृदयावाटे फुप्फुसांत जाऊन अडके. जर्मन पंडित विर्खो यांनीं १८५६ पर्यंत हा मार्ग उलगडून दाखविला होता. उपाय मात्र पुढल्या शतकांत सांपडला, आणि तोहि अशा दोन ठिकाणीं, कीं जेथें त्यास कोणी शोधीत नव्हतें.

पहिलें ठिकाण कुत्र्याचें यकृत. १९१६ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें जे मॅक्लीन हा वैद्यकीचा विद्यार्थी रक्त गोठविणारीं द्रव्यें तपाशीत होता. यकृताच्या अर्कानें रक्त गोठण्यास उलट विलंब लागतो, असें त्यास आढळलें. त्याचे गुरु हॉवेल यांनीं १९१८ सालीं यकृताच्या ग्रीक नांवावरून ‘हेपॅरिन’ हा शब्द रूढ केला. पुढें टोरांटो येथें हेपॅरिन शुद्ध स्वरूपांत तयार झालें, आणि १९३० नंतरच्या दशकांत तेथील मरे व स्वीडनचे क्राफोर्ड यांनीं तें शस्त्रक्रियेनंतर रोग्यांस देऊन पाहिलें.

दुसरें ठिकाण गोठा. भिजलेल्या कडब्यास बुरशी धरते, हें सोलापूरकडच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. १९२० नंतर कॅनडांत व अमेरिकेच्या उत्तर भागांत ‘स्वीट क्लोव्हर’ नांवाचा सुगंधी चारा असाच बुरसला. तो खाल्लेल्या गुरांचीं शिंगें कापलीं, तर रक्त थांबेचना व गुरें दगावत. १९३३ च्या हिंवाळ्यांत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताचा दुधाचा कॅन आणि तो चारा घेऊन हिमवादळांतून रसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्याकडे आला. सहा वर्षांनीं त्या चाऱ्यांतून डायकुमरॉल हें द्रव्य वेगळें निघालें. त्याचेंच भावंड वॉर्फरिन १९४८ सालीं उंदरांचें विष म्हणून बाजारांत आलें, आणि १९५४ पासून माणसांचें औषध झालें.

औषधें हातीं आलीं, तरी शस्त्रवैद्य कचरत. ताज्या जखमेच्या रोग्यास असें द्रव्य दिलें तर टाक्यांतूनच रक्त वाहील, ही त्यांची भीति रास्त होती. तिचा निकाल मोजणीनें लागला. लंडनमध्यें काम करणारे भारतीय वंशाचे शस्त्रवैद्य विजय कक्कर यांनीं चालविलेला अनेक रुग्णालयांतील प्रयोग १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत चाळिशी उलटलेल्या ४१२१ रोग्यांची गणना होती. सुमारें निम्म्यांस शस्त्रक्रियेपूर्वीं दोन तास व नंतर दर आठ तासांनीं हेपॅरिनची अल्प मात्रा दिली. शवपरीक्षेंत फुप्फुसांतील मोठी गुठळी आढळली ती हेपॅरिन न मिळालेल्यांपैकीं १६ जणांत, व मिळालेल्यांपैकीं अवघ्या २ जणांत. जखमेंत रक्त साकळण्याचें प्रमाण मात्र थोडें वाढलें. म्हणूनच रोगी पाहून मात्रा ठरवावी लागते.

आज सोलापुरांतहि खुबा बदललेल्या आजीस अशी सुई टोचतात, तेव्हां ‘आतां बरी आहे, मग हा जाच कशाला?’ असें घरच्यांस वाटतें. परंतु गुठळीचा धोका याच बऱ्या दिसणाऱ्या दिवसांत असतो. डॉक्टरांनीं सांगितलेली मुदत पुरी होण्यापूर्वीं सुई बंद करण्याचा आग्रह घरच्यांनीं धरूं नये.