बरणी आणि पिंप : लोणच्याच्या जागतिक बाजाराकडे वळताना

मराठीत ऊस, कापूस, दूध आणि तंबाखू यांच्या अर्थकारणावर पुष्कळ लेखन झाले आहे. निपाणीच्या तंबाखूला तर १९८१च्या शेतकरी आंदोलनाने महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सार्वजनिक चर्चेतच आणून बसवले. लोणचे मात्र अजून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आतच राहिले. त्याच्या पाककृती आपल्याकडे विपुल आहेत. मराठी छापील पाकपुस्तकांची परंपरा १८७५च्या ‘सूपशास्त्रा’पर्यंत मागे जाते. पण लोणच्यालाही शेतकरी आहेत, दलाल आहेत, कारखाने आहेत, जहाजे आणि जकातीची कलमे आहेत, या अंगाने त्याच्याकडे फार थोड्यांनी पाहिले. या वाटेने प्रथमच येणाऱ्या वाचकांच्या हाती काही खुणा द्याव्यात, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

सुरुवात बेळगावच्या खडेबाजारातून करावी, असे मी सुचवतो. गावाचा अभिमान त्यात आहेच. पण त्याहून मोठे कारण म्हणजे लोणच्याला लागणारे बहुतेक सगळे या पेठेच्या आसपास चार दिशांनी येते. आंबोली आणि चोर्ला घाटांनी कोकण-गोव्याची कैरी वर चढते. हावेरीकडून ब्याडगी मिरची येते, जी तिखटापेक्षा रंगासाठी नावाजलेली आहे. हुक्केरी तालुक्यातून संकेश्वरी मिरची येते. मोहरी उत्तरेकडून येते. हिंगाची गोष्ट तर आणखी लांबची. त्याचा चीक अफगाणिस्तान आणि इराणकडून येतो. भारतात त्याची लागवड करण्याचा पहिला नेटका प्रयत्न हिमाचल प्रदेशातील लाहौलमध्ये २०२० साली झाला. घाऊक माल रविवार पेठेत उतरतो, किरकोळ खरेदीला गिऱ्हाईक गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजारात फिरते. घरच्या बरणीला दादरा बांधताना आपण ही वस्तू अगदी आपली मानतो, आणि ती आपली आहेच. पण तिच्या आत परदेशी व्यापार पूर्वीपासून आहे. मिरची स्वतःच पोर्तुगिजांच्या गलबतांतून अमेरिका खंडातून आली. त्याआधीचे तिखट मिरी, आले आणि मोहरीचे होते. तरीही लोणच्याचे वैविध्य तेव्हापासूनचेच: खाद्येतिहासकार के. टी. अच्चया यांनी नोंदवल्याप्रमाणे गुरुलिंग देशिक यांच्या १५९४च्या कन्नड ‘लिंगपुराणा’त पन्नास प्रकारची लोणची वर्णिलेली आहेत. आपल्या सीमाभागाच्या दोन्ही भाषांनी या पदार्थावर किती जीव लावला आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आता मिठाकडे येऊ, कारण लोणच्याच्या अर्थकारणाचा पाया तेच आहे. गोव्याच्या मिठागरांतले मीठ लमाणांच्या बैलांच्या तांड्यांवर घाट चढून या मुलखात येत असे. डिसेंबर १८७८मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत एक करार झाला. तो १८८०पासून अमलात आला आणि १८९२मध्ये संपला. या करारान्वये गोव्यातील मीठ-उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले, ब्रिटिश हिंदुस्थानातला मीठकर तिथेही लागू झाला आणि मोबदल्यात पोर्तुगिजांना वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. मार्मागोव्याहून घाट चढणाऱ्या रेल्वेचा मार्गही याच करारातून मोकळा झाला. बेळगावच्या घरात वर्षाची बरणी भरणाऱ्या बाईला लिस्बन आणि लंडनमधल्या या वाटाघाटींची कल्पना असणे शक्य नव्हते, पण तिच्या बरणीतल्या मिठाचा भाव तिथेच ठरत होता. जागतिक बाजार हा शब्द आपण हल्ली शिकलो. त्याचा जोर या मुलखाने दीडशे वर्षांपूर्वीच अनुभवला आहे.

या विषयाचा अभ्यास चवीपासून सुरू करण्याचा मोह सर्वांनाच होतो. वाचकांनी तो थोडा आवरावा. कैरी, काकडी, कोबी, ऑलिव्ह यांची तुलना चवीने केली तर हाती काही लागत नाही. त्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: हा पदार्थ नासण्यापासून कोण राखते? कुठे मीठ राखते, कुठे आंबटपणा, कुठे तेल. भारतातल्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही हीच विभागणी दिसते. खाऱ्या पाण्यातल्या लोणच्यात किमान १२ टक्के मीठ, व्हिनेगरमधल्यात किमान २ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल, तेलातल्यात किमान १० टक्के तेल, आणि तिन्हींत फोडींचा भाग किमान ६० टक्के, अशी ती रचना आहे. अमेरिकेचा कायदा आम्लतेवर बोट ठेवतो: हवाबंद डब्यातला आंबवलेला वा आम्ल घातलेला पदार्थ ४.६ सामूच्या वर जाता कामा नये, कारण त्याच्या वर बोट्युलिझमचा जंतू वाढू शकतो. आपल्या आज्यांनी फेसलेली मोहरी, भरपूर मीठ, थंड करून ओतलेली फोडणी आणि कोरडा हात यांनी जे साधले, तेच हे नियम आकड्यांत मांडतात. हा दुवा एकदा सापडला की कायद्याची रूक्ष कलमेही वाचनीय वाटू लागतात, असा अनुभव तुम्हालाही येईल.

हे ध्यानात घेऊन जगाच्या व्यापाराकडे पाहिले, तर पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती छोटी काकडी, म्हणजे गर्किन. बर्गरमधल्या आंबट चकत्या आणि फ्रेंच जेवणातली बोटाएवढी कॉर्निशाँ ती हीच. भारतात तिची लागवड १९९०च्या दशकाच्या आरंभी सुरू झाली, तीही आपल्या कर्नाटकातच. मग तमिळनाडू, आंध्र आणि तेलंगणात ती पसरली. केंद्र सरकारने जानेवारी २०२२मध्ये दिलेल्या माहितीनुसार सुमारे ९०,००० लहान शेतकरी ६५,००० एकरांवर करारशेतीने हे पीक घेतात, जगाच्या गरजेपैकी जवळपास १५ टक्के गर्किन भारतात पिकते आणि २०२०-२१मध्ये काकडी-गर्किनच्या निर्यातीने २० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. जगातला सर्वांत मोठा गर्किन निर्यातदार भारत आहे. नव्वद दिवसांचे पीक, वर्षातून दोनदा. त्याच माहितीनुसार एकरी सरासरी चार टन माल आणि ८०,००० रुपये, त्यांतले निम्मे शेतकऱ्याच्या पदरात. कोरडवाहू शेती पाहिलेल्या वाचकाला या आकड्यांचे वजन सांगायला नको.

पण इथेच थांबून थोडा विचार करावा. ही काकडी रात्रीतून फुगते. एका किलोत जितके नग जास्त बसतील तितका भाव चांगला, म्हणून ती रोज, हाताने, नेमक्या मापाची असताना तोडावी लागते. युरोपात या कामाची मजुरी परवडत नाही, हे भारताच्या यशाचे एक मोठे कारण आहे. बराचसा माल मिठाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये पिंपांत भरून जातो. काचेची बाटली, चिठ्ठी आणि नाव तिकडचे. पीक आपले, बोटे आपली, ओळख दुसऱ्याची. हा व्यापार वाईट आहे असे मी म्हणत नाही. हजारो घरे त्यावर चालतात. मात्र नाव ज्याचे, नफ्याचा मोठा वाटा त्याचा, हे बाजाराचे गणित समजून घेण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही. जर्मनीतल्या स्प्रेवाल्डच्या शेतकऱ्यांना हे गणित आधी उमगले. त्यांच्या काकडीला १९९९ साली युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले. आपल्याकडे ब्याडगी मिरचीला आणि मलनाडच्या अप्पेमिडी या लोणच्याच्या बाळकैरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्याचा बाजारात पुरता उपयोग करून घेणे अजून बाकी आहे.

मग आपले तेलातले लोणचे या बाजारात कुठे आहे? ते आहे, पण मोजणीत धड सापडत नाही. जकातीच्या कलमांत व्हिनेगरमधल्या भाज्या एकीकडे, इतर रीतींनी टिकवलेल्या दुसरीकडे, तात्पुरत्या खारवलेल्या तिसरीकडे. बाजारसंस्थांचे अहवाल तर ऑलिव्ह, किमची (आंबवलेल्या कोबीचे कोरियन लोणचे), काकडी आणि कैरी कधी एकत्र धरतात, कधी वेगळी. त्यामुळे ‘जागतिक लोणचे बाजार इतक्या अब्जांचा’ असे आकडे एका अहवालात एक आणि दुसऱ्यात दुसरे दिसले तर वाचकांनी गोंधळू नये. आधी कोणती वस्तू मोजली आहे ते पाहावे, मग आकडा वाचावा. आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने काकडीच्या लोणच्याचे मानक १९८१मध्ये केले, आंब्याच्या चटणीचे १९८७मध्ये, किमचीचे २००१मध्ये. तेल, खारे पाणी आणि आंबट द्रव ही माध्यमे धरणारे फळे-भाज्यांच्या लोणच्यांचे सर्वसाधारण मानक २००७मध्ये आले. आपल्या कैरीच्या लोणच्याला जागतिक दप्तरात जागा मिळायला एवढा काळ लागला.

किमचीचा दाखला मुद्दाम अभ्यासावा असा आहे. हिवाळ्यापूर्वी घराघरांनी एकत्र येऊन किमची घालण्याच्या दक्षिण कोरियातील प्रथेला युनेस्कोने २०१३ साली मानवी वारशाच्या यादीत घेतले. २०२१मध्ये त्या देशाची किमची-निर्यात सुमारे १६ कोटी डॉलरवर गेली. कोरियन मालिका, संगीत आणि आंबवलेल्या अन्नाविषयी जगात वाढलेले कुतूहल या सगळ्यांचा त्यात वाटा होता. असे असूनही कोरियातल्या अनेक खानावळी स्वस्त पडते म्हणून चीनमधून आलेली किमची वाढतात. एखादी वस्तू एकाच वेळी राष्ट्राचा मानबिंदू आणि आयात माल असू शकते, हे त्यातून शिकण्यासारखे.

मराठी मुलखाची स्वतःची परंपराही या संदर्भात पाहण्याजोगी आहे. गिरगावात १९१० साली किराणा दुकान म्हणून उभे राहिलेले बेडेकर पुढे लोणची-मसाल्यांचे घराणे झाले. जळगाव जिल्ह्यातल्या उत्राणच्या निलॉन्सची आणि पुण्याच्या प्रवीण मसालेवाल्यांची सुरुवात १९६२ची. ‘मदर्स रेसिपी’ हे नाव ज्यांच्याकडे आहे ते पुण्याचे देसाई ब्रदर्स मुळात विडी-तंबाखूच्या धंद्यातले. निपाणीच्या वाचकाला यात आपल्या मातीचा दूरचा धागा दिसेल. परदेशात गेलेल्या कुटुंबांनी या मालाला पहिले गिऱ्हाईक दिले. केनियातून इंग्लंडला गेलेल्या लक्ष्मीशंकर पाठक यांनी १९५७मध्ये सुरू केलेला ‘पटाक्स’ हा व्यवसाय २००७ साली एका मोठ्या ब्रिटिश कंपनीने विकत घेतला, इथपर्यंत ती मागणी वाढली. या वाटेत अडथळेही आहेत. भारतात वापरले जाणारे नेहमीचे मोहरीचे तेल अमेरिकेत खाद्यतेल म्हणून विकता येत नाही. शेंगतेलावर चालणाऱ्या आपल्या भागाला ती अडचण नाही. २००३मध्ये भारतीय मिरचीच्या मालात सुदान नावाचा निषिद्ध रंग युरोपात सापडला आणि २००५मध्ये ब्रिटनमध्ये शेकडो उत्पादने दुकानांतून काढून घ्यावी लागली. ज्या मुलखाची मिरची अस्सल रंगासाठीच ओळखली जाते, त्याने हा प्रसंग विसरू नये.

सर्वांत शेवटी माझ्या विशेष जिव्हाळ्याची गोष्ट. बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडे माईनमुळ्याचे लोणचे घालतात. जाडसर, सुगंधी मुळांच्या चकत्या, लिंबाचा रस, मोहरी, मीठ. गुजरातेत याच मुळांना गरमर म्हणतात. १९७०च्या दशकात भारतीय संशोधकांनी या वनस्पतीतून फोर्सकोलिन हे द्रव्य वेगळे केले, आणि आज त्याचा अर्क अमेरिका-युरोपात पूरक आहाराच्या गोळ्यांतून विकला जातो. त्यासाठी कर्नाटक-तमिळनाडूत करारशेती झाली. एकाच वाफ्यातले मूळ एका घरात बरणीत जाते आणि दुसऱ्या वाटेने औषधी अर्काच्या कारखान्यात. लोणचे म्हणून त्याची ख्याती घाटाखालीही फारशी पोचलेली नाही. कोणा तरुण अभ्यासकाने या एका मुळाचा माग बियाण्यापासून निर्यातीपर्यंत काढला, तर या विषयाची निम्मी तत्त्वे त्यात सापडतील.

तुम्ही या अभ्यासाकडे कुठूनही या. वाणिज्याचे विद्यार्थी असा, शेतकरी असा, बचत गट किंवा स्त्रीशक्ती संघ चालवणाऱ्या ताई असा. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२०मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. ज्यांना धंदा करायचा आहे त्यांनी ती योजना नीट वाचावी. ज्यांना अभ्यास करायचा आहे त्यांनी मात्र आधी पेठेतले कागद पाहावेत. या भागातल्या लोणच्याच्या मालाचा खरा इतिहास सरकारी अहवालांपेक्षा व्यापाऱ्यांच्या कीर्द-खतावण्यांत आणि बचत गटांच्या हिशेबवह्यांत आहे. तुमच्या घरी किंवा ओळखीच्या दुकानी अशा जुन्या वह्या असतील, मराठीत असोत वा कन्नडमध्ये, तर त्या रद्दीत घालू नका. एखाद्या अभ्यासकाला बोलावून त्या उघडून दाखवा.