रुळांवर चढलेली बस

वाफेची इंजिनं आणि आलिशान गाड्या यांच्याविषयी आपण पुष्कळ ऐकलेलं असतं. आज मी बोलणार आहे ती गाडी मात्र तिच्या स्वतःच्या देशातही चेष्टेचा विषय होती. ती म्हणजे ब्रिटनची ‘पेसर’.

१९६३च्या बीचिंग अहवालानंतर ब्रिटनमधले हजारो मैलांचे रेल्वेमार्ग बंद झाले. जे छोटे मार्ग वाचले, त्यांवरच्या १९५०च्या दशकातल्या डिझेल गाड्या पुढे एकदमच म्हाताऱ्या झाल्या. नव्या गाड्यांसाठी पैसा नव्हता. १९८३मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्पेल अहवालात तर दहा हजार मैलांचं जाळं सोळाशे मैलांवर आणण्याचाही एक पर्याय होता! गाडी स्वस्त झाली नाही तर मार्गच जाणार, अशी ती वेळ होती.

डर्बीच्या रेल्वे संशोधकांनी तेव्हा एक धाडसी जोडणी केली. मालडब्यांसाठी तयार केलेला चारचाकी सांगाडा घेतला आणि त्यावर लेलँड कंपनीच्या ‘नॅशनल’ या शहरी बसचा सांगाडा चढवला. पहिला प्रायोगिक डबा १९७८चा. पुढे १९८४ ते १९८७ या काळात दोन-तीन डब्यांच्या दीडशेहून अधिक गाड्या रुळांवर आल्या. इंजिन बसचं, बाकंही बहुतेक बसचीच. दोन डब्यांची गाडी जेमतेम पन्नास टनांची. डिझेल कमी लागे आणि रुळांची झीजही कमी होई.

पण स्वस्ताईची किंमत प्रवाशांनी मोजली. नेहमीच्या डब्याखाली चार-चार चाकांचे दोन गाडे असतात आणि ते वळणावर आपापले फिरतात. पेसरच्या डब्याला मुळात चाकंच चार, तीही सांगाड्याला जखडलेली. मी उत्तर इंग्लंडमध्ये या गाडीनं प्रवास केला आहे. रुळाचा प्रत्येक सांधा पाठीच्या कण्याला कळतो! वळणावर चाकं किंचाळतात. कॉर्नवॉलच्या नागमोडी मार्गांवर चाकं इतकी झिजू लागली, की तिथल्या गाड्या हलवाव्या लागल्या. १९९९मध्ये विन्सफर्डला एक एक्स्प्रेस पेसरवर मागून आदळली, तेव्हा डब्याचा वरचा भाग खालच्या सांगाड्यावरून सरकला. सुदैवानं कुणी दगावलं नाही.

वीस वर्षांसाठी केलेली ही सोय पस्तीस वर्षं ओढली गेली. माझ्या मते दोष इथं आहे. गरिबीच्या दिवसांत बस रुळांवर चढवणं हे शहाणपण होतं. ते दिवस सरल्यावरही लीड्स-मँचेस्टरकडच्या नोकरदारांना त्याच बाकांवर बसवणं ही निव्वळ चालढकल. अखेर अपंग प्रवाशांच्या सोयीचा कायदा आडवा आला, म्हणून त्या गेल्या. शेवटची पेसर मे २०२१मध्ये वेल्समध्ये धावली.

काही पेसर त्याआधीच इराणला विकल्या गेल्या होत्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच मोडीत निघाल्या, काही हौशी मंडळींनी जपल्या. एक डबा ब्रॅडफर्डच्या एका प्राथमिक शाळेला विज्ञान प्रयोगशाळेसाठी मिळाला.