सायकलस्वाराची रस्त्यावरील जागा : ब्रिटनमधील एका वादाचा इतिहास

सायकल चालवताना अगदी कडेने जा, असे आपल्याला लहानपणापासून सांगितले जाते. कडेला खरोखरच धोका कमी असतो का? ब्रिटनमध्ये या प्रश्नाचे उत्तर कसे बदलत गेले, ते आपण पाहू. भारताप्रमाणेच तेथेही वाहने डावीकडून चालतात, हे लक्षात ठेवा.

१८८८ च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टने सायकलला कायद्याने 'वाहन' मानले. त्यामुळे सायकलस्वाराला रस्त्यावर हक्काची जागा मिळाली. पुढे मोटारी वाढल्या. १९३४ मध्ये लंडनच्या वेस्टर्न ॲव्हेन्यूलगत सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग खुला झाला. सायकलिस्ट्स टूरिंग क्लब या संघटनेने अशा मार्गांना विरोध केला. आज स्वतंत्र मार्ग दिला, तर उद्या मुख्य रस्त्यावरून हटवतील, अशी भीती त्यामागे होती.

हक्काच्या या वादात सुरक्षिततेचा मुद्दा जॉन फ्रँकलिन यांनी नेमकेपणाने मांडला. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सायकलक्राफ्ट' या पुस्तकात त्यांनी दोन जागा सांगितल्या. पहिली लेनच्या मध्यभागी, दुसरी वाहनांच्या ओघाच्या थोडी डावीकडे. यामागील कारण साधे आहे. चालकाची नजर जेथे वाहन अपेक्षित असते तेथेच जाते. चौकात कडेचा सायकलस्वार त्याला दिसत नाही. अरुंद रस्त्यावर कडेने गेल्यास मागची मोटार जागा नसतानाही पुढे घुसते. उभ्या मोटारीचे दार अचानक उघडले, तर वाचायला वाव राहत नाही.

२९ जानेवारी २०२२ पासून हा विचार ब्रिटनच्या 'हायवे कोड'मध्ये स्पष्टपणे आला. शांत रस्त्यावर, संथ वाहतुकीत आणि चौकाजवळ येताना लेनच्या मध्यातून जावे. उभ्या मोटारींपासून सुमारे १ मीटर अंतर ठेवावे, असा सल्ला त्यात आहे. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओलांडताना चालकाने किमान १.५ मीटर अंतर सोडावे, असेही त्यात म्हटले आहे.

मात्र भरधाव वाहतुकीत लेनचा मध्य धरणे लहान मुलांना किंवा वृद्धांना कसे जमणार? म्हणूनच याच सुधारणेतील दुसरे तत्त्व अधिक महत्त्वाचे ठरते : ज्याच्या वाहनामुळे अधिक इजा होऊ शकते, त्याची जबाबदारी अधिक. तुमच्या गावातील एखादा चौक या तत्त्वावर तपासून पाहा. तेथे सांभाळून जाण्याची अपेक्षा कोणाकडून केली जाते?