खाणीचे आम्ल आणि भुशाचा बांध

१/ कोळशाच्या खाणीतून वाहणारे पाणी कधी कधी तांबूस, आंबट आणि ओढ्यातील मासे मारणारे असते. कोळशासोबतच्या पायराइटला, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाला, हवा व पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते. हे रसायन मात्र स्वतःहून फार संथ चालते. मग इतके आम्ल येते कोठून?

२/ १९४७ साली कोल्मर आणि हिंकल यांनी वेस्ट व्हर्जिनियातील खाणीच्या पाण्यात याचा कर्ता दाखवून दिला: लोहाच्या ऑक्सिडीभवनावर जगणारा, आम्लातच सुखाने नांदणारा जिवाणू.

३/ गंमत अशी, की उताराही जिवाणूच होता आणि त्याची ओळख अर्धशतक आधीच पटलेली होती. १८९५ साली डेल्फ्ट येथे बायेरिंक यांनी सल्फेटचे सल्फाइड करणाऱ्या जिवाणूचे वर्णन केले होते.

४/ ही दोन टोके जुळायला १९६९ उजाडले. टटल, ड्यूगन आणि सहकारी खाणीच्या आम्लयुक्त पाण्याचा अभ्यास करीत होते. त्या पाण्याच्या वाटेत लाकूड कापण्याच्या गिरणीतील भुशाचा सच्छिद्र बांध होता. भुशातून झिरपताना पाण्याला सेंद्रिय खाद्य मिळे. त्यावर बायेरिंक यांच्या जिवाणूचे भाऊबंद पोसले जात. त्यांनी केलेल्या सल्फाइडशी लोहाचा संयोग होऊन काळा गाळ तळाशी बसे. बांधाखालचे पाणी वरच्यापेक्षा कमी आम्लयुक्त आढळले. याच निरीक्षणांतून खाणीचे पाणी जिवाणूंकडून सुधारून घेण्याची कल्पना मांडली गेली.

५/ आपल्याकडचे जवळचे उदाहरण पाण्याचे नव्हे, मातीचे आहे. १९५८ साली नागपुरात स्थापन झालेल्या, आज ‘नीरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने सावनेर तालुक्यातील गुमगाव मँगनीज खाणीच्या उजाड ढिगाऱ्यांवर साखर कारखान्याचे प्रेसमड घातले, रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी दिली, आणि झाडे लावली.

६/ आमच्या शिरड शहापूरच्या काळ्या मातीखाली बेसाल्ट आहे, धातूची खाण नाही. पण प्रेसमड आम्हांला परके नाही. वसमतला साखर कारखाना आहे. विज्ञानाच्या इतिहासात संशोधकांची नावे नोंदली जातात, गिरणीचा भुसा आणि कारखान्याचा गाळ सहसा नाही. माझ्या मते इथे त्यांचा वाटा मोठा आहे, कारण उपाशी जिवाणू काहीच करीत नाही.

७/ आणि तो काळा गाळ? तो पाण्याखाली, प्राणवायूपासून दूर राहील तोवरच धातू धरून ठेवतो. उघडा पडला, की पायराइटसारखाच पुन्हा हवेशी झुंजू लागतो.