संपाची तयारी मालक आधी करतो

संपाचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण भोंग्यापासून सुरुवात करतात. भोंगा वाजला, कामगार आत गेले नाहीत, संप झाला. त्याआधी दोन-चार महिने मालक काय करत होता ते कुणी लिहीत नाही. मालक काय हात बांधून बसलेला असतो व्हय?

मोटारवाल्यांचं बघा. १५ सप्टेंबर २०२३ ला अमेरिकेत फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलान्टिस या तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी संप सुरू झाला. करार कधी संपणार ती तारीख दोन्ही बाजूंना चार वर्षं आधीपासून ठाऊक. अशा वेळी कंपनी विक्रीच्या आवारात गाड्या साठवते, साठा दिवसांत मोजते, म्हणजे कारखाना बंद पडला तर किती दिवस धंदा चालेल. सुट्या भागांची गोदामं चालवायला ऑफिसातले पगारी नोकर तयार ठेवते. युनियनही तेवढीच हुशार निघाली. सगळे कारखाने एकदम बंद केलेच नाहीत. आधी तीन, मग आणखी थोडे. पुढचा नंबर कुणाचा ते मालकाला कळेना.

आपल्याकडची तयारी जास्त उघडी असते. पुण्यात टेल्कोने सप्टेंबर १९८९ मध्ये लढणारी युनियन बाजूला ठेवून दुसऱ्या युनियनशी करार केला. मानेसरला मारुतीने ऑगस्ट २०११ मध्ये गेटवर कागद ठेवला. चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रावर सही करा, मगच आत या.

सही करा, मगच आत या. ही रीत सोलापूरला नवी नाही.

सोलापूरची जुनी मिल १८७७ ची. तिच्यामागून नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. या गिरण्यांना एक सोय होती, मुंबईच्या मालकालाही हेवा वाटावा अशी. गावालगत तारेचं कुंपण होतं. त्याच्या आत गुन्हेगार जमाती कायद्याखाली आणून बसवलेली माणसं होती. कैकाडी, पारधी, मांग-गारुडी, भामटा, कंजारभाट. जन्माला आलं की गुन्हेगार, असा तो १८७१ चा कायदा. सोलापूरकर त्या जागेला नुसतं सेटलमेंट म्हणतात.

सेटलमेंटमधल्या माणसाला हजेरी होती. बाहेर जायला पास लागे. आणि पोटासाठी काम गिरणीत. आता विचार करा, अशा माणसाने संपात उतरायचं म्हणजे काय करायचं? बाहेरचा कामगार संपावर गेला तर त्याचा पगार बुडतो, फार तर नोकरी जाते. आतल्याने कामाला नाही म्हटलं की तो कायद्याने गुन्हेगार. एका बाजूला जॉबर, दुसऱ्या बाजूला सेटलमेंटचा अंमलदार. म्हणून संपाच्या दिवसांत हे हात मालकाला हुकमी वाटायचे. मोटार कंपनी आवारात गाड्या साठवते, सोलापूरच्या मालकासाठी सरकारने तारेच्या आत माणसं साठवून ठेवली होती.

आणि बाहेरचे कामगार त्यांना काय म्हणत असतील? संपफोडे. वर चोर. तार कुणी घातली हे कुणी विचारायचं?

मुंबईतही तार होती, फक्त दिसत नव्हती. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्याला मज्जाव. कारण काय, तर धोट्यात नवी बॉबिन घातली की सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि आमच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८ चा संप सहा महिने चालला, दीड लाख कामगार बाहेर. तेव्हा बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना सरळ विचारलं की तुमच्या मागण्यांत ही मागणी का नाही? १९२९ च्या संपाला तर त्यांनी विरोध केला. आजही काही कॉम्रेड ती गोष्ट पुन्हापुन्हा उकरून काढतात. काढू द्या. सूतखात्यातल्या कमी पगाराच्या महाराने कुणाच्या पगारासाठी उपाशी मरायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे तेव्हाही नव्हतं. कामगारांची फूट पाडायला मालकाला वेगळा खर्च करावा लागला नाही. ती जातीने आयती दिली.

हेच बाबासाहेब १९३८ साली संपाच्या हक्कासाठी उभे राहिले. काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचं बिल आणलं. आधी तडजोडीच्या पायऱ्या चढा, तोवर संप केला तर तुरुंग. या पायऱ्या चढेपर्यंत मालकाला काय मिळतं? वेळ. माल साठवायला, बदली माणसं गोळा करायला, पुढारी हेरायला. आधी हे सगळं मालकाला गुपचूप करावं लागे, आता कायद्यानेच सवड दिली. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले आणि एक दिवसाचा संप झाला. दहा वर्षांपूर्वीचं भांडण विसरून नव्हे, ते अंगावर घेऊन.

मालकाचाही संप असतो, त्याला टाळेबंदी म्हणतात. जुन्या मिलने जुलै १९४९ मध्ये नोटीस लावली आणि २७ ऑगस्टला गिरणी बंद केली. जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून कारभार ताब्यात घेतला. झालं, भागधारक सुप्रीम कोर्टात गेले. मुद्दा काय, तर आमच्या मालमत्तेचा मूलभूत हक्क. नव्या संविधानाखालच्या अगदी पहिल्या खटल्यांत सोलापूरच्या या गिरणीचं नाव आहे. वकिलीची पुस्तकं वाचणारी पोरं ते पाठ करतात. टाळं लागल्यावर ज्यांच्या घरची चूल थांबली, त्यांचं नाव त्या खटल्याला नाही.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगार उतरले. गिरण्यांत कापडाचे गठ्ठे पडून होते, उठाव नव्हता. काही मालकांना बंदच हवा होता. काम भिवंडीच्या यंत्रमागांवर गेलं, जिथे ना युनियन, ना हजेरीपट. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो तसाच विरून गेला.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला देशातून गेला. सोलापुरात त्या वस्तीच्या नावात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' राहिलं. ज्यांच्या आईबापांनी तिथे हजेरी दिली, ती माणसं आता सत्तरी-ऐंशीची आहेत. मोर्च्याला बोलवायला त्यांच्याकडे कार्यकर्ते जातात. एकदा वही घेऊन जा, आणि विचारा की गिरणी बंद असताना तुमच्या घरातलं कोण कामाला गेलं होतं, कुणी पाठवलं होतं, आणि परत येताना रस्त्यावर काय ऐकावं लागलं होतं.